चिनी पटावर शरद ऋतू नेमका कुठे दिसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिनी कुंचल्याची चित्रकला तुम्ही घरच्या घरी शिकताय आणि आता शरदातल्या फुलांचा एक उभा पट करायला घेतलाय. शेवंती, कमळ आणि मागे तांबडी पानं काढलीत, पिवळा आणि नारिंगी सढळ हाताने वापरलात. तरी बघणाऱ्याला तो शरद वाटत नाही आणि शेवंती सपाट, छापल्यासारखी दिसते. तेव्हा रंग कोणते घ्यावेत आणि कोपऱ्यात चिनी अक्षरं लिहावीत का, हे तुम्हाला हवंय.

मी ही चित्रकला बरीच वर्षं करते आणि शिकवतेही. हाच प्रश्न माझ्याकडे येणारे विद्यार्थीही विचारतात, आणि तेही रंगांपासूनच सुरुवात करतात. रंगांबद्दल पुढे सांगते. पण तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून मला अडचण दुसरीकडे दिसते. शरद म्हटलं की लाल-पिवळी पानगळ, ही कल्पना कॅलेंडरांतून आणि परदेशी फोटोंतून आपल्या डोक्यात बसलीय. चिनी निसर्गदृश्यांत लाल मेपलची झाडं येतात, नाही असं नाही. फुलांच्या पटाचं गणित मात्र निराळं असतं. तिथे फूल ऐन भरात असतं आणि झाड उतरणीला लागलेलं असतं. ही दोन्ही वयं एकाच फांदीवर दिसली की शरद दिसतो. तुम्ही फूलही ताजं काढलंत आणि पानंही ताजी काढलीत. मग त्यात पिवळा कितीही ओता, तो वसंतच राहणार.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बोलून घेऊ.

पहिली गोष्ट पटाच्या प्रकाराची. तुम्ही उभा, भिंतीवर टांगायचा पट करताय. हातात धरून उजवीकडून डावीकडे उलगडत बघायचा आडवा पट असता तर मी कमळाला हरकत घेतली नसती. मिंग काळातला चित्रकार श्यू वेइ (१५२१–१५९३) याचा फुलाफळांचा एक आडवा पट नानजिंग संग्रहालयात आहे, दहा मीटरहून लांब. त्यात पिओनी, डाळिंब, कमळ, शेवंती, प्लमचा बहर असं सगळं एकामागून एक येतं. वेगवेगळ्या ऋतूंची फुलं एका पटावर असूनही खटकत नाहीत, कारण बघणारा एका वेळी हातभर भागच बघतो आणि पुढे सरकतो. उभा पट मात्र एका नजरेत दिसतो, म्हणून त्यात एकच वेळ चालते. शिवाय उभे पट ऋतूप्रमाणे बदलायची रीत होती. सतराव्या शतकातल्या वेन झेनहेंग या लेखकाने घरात कोणत्या महिन्यात कोणतं चित्र टांगावं याची यादीच देऊन ठेवलीय: आठव्या महिन्यात सुगंधी ऑस्मँथसचं जुनं झाड, नवव्या-दहाव्या महिन्यात शेवंती, फूरोंग (जास्वंदीच्या कुळातलं फूल, त्याच्याकडे पुढे येते), शरदातली नदी, शरदातले डोंगर, मेपलचं रान. त्यामुळे टवटवीत कमळ आणि शेवंती एकाच उभ्या पटावर आली की जाणकाराला ते लगेच टोचतं. कमळ हे उन्हाळ्याचं फूल आहे. ठेवायचंच असेल तर पाकळ्या गळालेलं ठेवा: फाटलेलं पान, मोडून खाली वाकलेला देठ, बियांनी भरलेली बोंडी. पावसाचा आवाज ऐकण्यासाठी सुकलेली कमळपानं तळ्यात राहू द्यावीत, असं थांग काळातल्या ली शांगयिन या कवीने लिहून ठेवलं, तेव्हापासून सुकलेल्या कमळाला तिथे स्वतःचा मान आहे.

दुसरी गोष्ट कागदाची. तुम्ही कोणता कागद वापरताय ते लिहिलेलं नाही. शुआन कागद दोन तऱ्हेचा येतो. एक कच्चा, तो शाई पितो आणि पसरवतो. दुसरा तुरटी आणि सरस लावून पक्का केलेला, त्यावर रेघ जिथल्या तिथे राहते. ओळखायचा असेल तर कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाका. थेंब लगेच पसरून मुरला तर कागद कच्चा, वर उभा राहिला तर पक्का. कच्च्यावर मोकळ्या हाताचं काम, म्हणजे श्येयी. पक्क्यावर किंवा रेशमावर बारीक रेघांचं, थरावर थर चढवायचं काम, म्हणजे गोंगबी. बहुतेक ऑनलाइन धडे श्येयीचे असतात, म्हणून तुमचं कामही तेच आहे असं धरून चालते.

आता शेवंती. हे फूल एवढं मोठं का झालं, ते कळल्याशिवाय ते नीट काढता येत नाही असं माझं ठाम मत आहे. थाओ युआनमिंग नावाच्या कवीने इ.स. ४०५ मध्ये सरकारी हुद्दा सोडला आणि गावी परत जाऊन शेती केली. कुंपणापाशी शेवंती खुडताना दूरचा डोंगर नजरेस पडतो, हे त्याच्या कवितेतलं दृश्य पुढच्या शेकडो चित्रांत आलं. तेव्हापासून शेवंती म्हणजे दरबार सोडून आलेला, गरिबीतही ताठ राहिलेला माणूस. त्यात झाडाचा स्वभावही जुळून आला. बाकीची फुलं संपल्यावर, धुकं आणि दहिवर पडायला लागल्यावर ही फुलते. आणि सुकली तरी बहुधा पाकळ्या गाळत नाही, देठावरच वाळते. मंगोलांनी सुंग राज्य जिंकल्यावर नव्या सत्तेपुढे न वाकलेल्या झेंग सिश्याव (१२४१–१३१८) या कवी-चित्रकाराने नेमकं हेच पकडलं: उत्तरेच्या वाऱ्याने खाली पडण्यापेक्षा सुगंध धरून फांदीवरच मरेन, असं त्याची शेवंती म्हणते.

याचा कुंचल्याशी संबंध काय, तर थेट संबंध आहे. शेवंतीखाली जमिनीवर पाकळ्यांचा सडा काढू नका. फुलाची मान पार खाली टाकू नका. देठ लवचीक हवा, पण लोंबणारा नको. फुलाचं वजन त्याला जाणवतंय आणि तरी तो पेलतोय, असं दिसलं पाहिजे. 'मस्टर्ड सीड गार्डन' या नावाने जगभर माहीत असलेल्या चित्रपाठाचा शेवंतीचा भाग १७०१ मध्ये निघाला. त्यात पान, देठ, कळी, फूल यांचे वेगवेगळे नमुने दिलेत. त्यातला पानाबद्दलचा नियम मी विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेते: पाच बोटं, चार खाचा. शेवंतीच्या पानाला पाच गोलसर भाग असतात आणि त्यांच्यामध्ये चार खोल खाचा. पुढे पानाच्या तऱ्हा येतात: समोरून दिसणारं, पाठ दाखवणारं, दुमडलेलं, वळलेलं. तुमच्या चित्रातली पानं बहुधा सगळी समोरून दिसणारी असणार. तसं असेल तर फूल सपाट वाटण्याचं निम्मं कारण तिथेच आहे.

बाजारातून शेवंतीची एक कुंडी आणा आणि खालपासून वर बघा. वरची पानं हिरवी, जाड. मधली जरा थकलेली, कडा आत वळलेल्या. सगळ्यात खालची, मातीजवळची, तपकिरी होऊन देठाला चिकटून लोंबत असतात, आणि त्याच वेळी टोकाला फूल पूर्ण उमललेलं असतं. हे दृश्य मी पहिल्यांदा नीट बघितलं तेव्हा शरदाचा पट कसा बांधायचा ते मला समजलं. मी सांगते तो सगळा शरद त्या खालच्या चार-सहा पानांत आहे.

काढताना क्रम असा ठेवा. आधी फूल, मग देठ, मग पानं. शाईची वडी चंदन उगाळतो तशी सावकाश उगाळा. बाटलीतली शाई सरावाला ठीक आहे, पण पानांत जे पाच-सहा छटांचे काळे लागतात ते उगाळलेल्या शाईत जास्त सहज मिळतात. फुलाची पाकळी मध्यम शाईने दोन रेघांत काढा, टोकाला दोन्ही जवळ आणा पण घट्ट मिटवू नका. सुरुवात गाभ्यापासून करा. आतल्या पाकळ्या आखूड, एकमेकींना झाकणाऱ्या आणि शाईने गडद; बाहेरच्या लांब, सैल, फिकट. प्रत्येक पाकळी पुढे वाढवली तर ती देठाच्या टोकाशीच पोचली पाहिजे, मग ती मध्ये दिसेनाशी का होईना. हे सांभाळलंत की फुलाला खोली येते. पूर्ण समोरून दिसणारी शेवंती सगळ्यात अवघड असते, आणि नवशिके नेमकी तीच आधी काढतात. तुम्ही बाजूने दिसणारी आणि अर्धी उमललेली घ्या. दोन फुलं आणि एक कळी पुरे, फुलं समान उंचीवर नकोत.

पानासाठी मऊ केसांचा जाड कुंचला घ्या. तो आधी फिक्या शाईत पूर्ण भिजवा, मग फक्त टोक गडद शाईत बुडवा. कुंचला आडवा टेकवून पाच फटकाऱ्यांत पाच बोटं काढा. आता थांबा. पान अर्धवट ओलं असतानाच गडद शाईने शिरा ओढायच्या असतात. लवकर ओढल्या तर फुटून पसरतात, उशिरा ओढल्या तर वरून चिकटवल्यासारख्या दिसतात. ही वेळ किती, याचं आकड्यात उत्तर नाही. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात बराच वेळ थांबावं लागतं, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात तो क्षण हातातून निसटतो. कागदाची चमक गेली पण हाताला गारवा लागतोय, तेव्हा शिरा ओढा. फुलाच्या लगेच खालची पानं सगळ्यात काळी ठेवा, म्हणजे फिकट फूल आपोआप पुढे येतं. खाली उतरताना कुंचल्यातलं पाणी कमी करत जा, शाई फिकी करा, शेवटच्या पानांत जरासा गेरू मिसळा आणि ती कोरड्या कुंचल्याने काढा, कागद मधूनमधून दिसत राहील अशी.

एवढं केल्यावर रंग थोडाच लागतो. शेवंतीला पिवळा मान्य आहेच, जुन्या परंपरेत तोच तिचा मुख्य रंग. पारंपरिक पिवळा म्हणजे गँबोज, आपल्या कोकमाच्याच कुळातल्या झाडाचा डिंक. तो विषारी असतो, म्हणून कुंचल्याचं टोक ओठांनी जुळवायची सवय असेल तर आजच सोडा. गँबोज आणि निळीचा रंग मिसळला की पानांचा हिरवा होतो. पाकळ्यांवर पिवळ्याचा पातळ हात फिरवा आणि थोडा भाग तसाच कोरा सोडा. नारिंगी मी वापरणार नाही. गँबोज आणि जुने वनस्पतिजन्य तांबडे रंग उजेडात विटतात. उभे पट बारा महिने टांगून ठेवत नसत, त्याचा एक फायदा हाही होता. तुमचा पट समोरच्या खिडकीच्या उन्हात लावू नका. पांढऱ्या फुलांसाठी शिशाचा पांढरा टाळा, तो काळाने काळा पडतो. शिंपल्यांपासून केलेला पांढरा किंवा आजचा टायटॅनियम घ्या.

फक्त शेवंतीवरच अडून राहायचं नसेल तर मी दुसरं नाव सुचवते, आणि ते माझ्या फार जवळचं आहे: फूरोंग. हे जास्वंदीच्या कुळातलं झाड. बंगालीत त्याला स्थलपद्म म्हणतात, आणि आपल्याकडच्या काही बागांतही ते असतं. फूल सकाळी पांढरं उमलतं आणि संध्याकाळपर्यंत गुलाबी, मग गडद होत जातं. ते शरदात फुलतं आणि चिनी लोक त्याला थंडीला दाद न देणारं फूल मानतात. दहाव्या शतकात शू राज्याच्या राजाने छंग्दू शहराच्या तटबंदीवर ही झाडं लावली असं सांगतात, आणि आजही ते त्या शहराचं फूल आहे. फुला-पक्ष्यांच्या चित्रांचा मोठा उस्ताद ह्वांग च्वान त्याच शू दरबारात होता.

बघायलाच हवीत अशी दोन चित्रं सांगते. पहिलं बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातलं, सम्राट हुईझोंगच्या नावावर असलेलं फूरोंग आणि सोनेरी फेझंट पक्ष्याचं रेशमावरचं चित्र. हुईझोंग ११०० मध्ये गादीवर आला, राज्य गमावलं, पण फुलापक्ष्यांच्या चित्रांचा दरबारी दर्जा त्याने कुठल्या कुठे नेला. चित्रात फेझंट फांदीवर बसलाय आणि मान वळवून वरच्या दोन फुलपाखरांकडे बघतोय. त्याच्या वजनाने फूरोंगची फांदी वाकलीय आणि खाली डाव्या कोपऱ्यातून शेवंती तिरकी वर आलीय. उजवीकडे सम्राटाच्या बारीक, धारदार अक्षरातली कविता आहे, आणि तिची सुरुवातच दहिवराला न जुमानणाऱ्या बहराने होते. या चित्रातली पानं मोठी करून बघा. एकही पान दुसऱ्यासारखं नाही. काही उलटी, काही वाकलेली, काहींच्या कडा खराब झालेल्या. दरबारी, श्रीमंत चित्र आहे, आणि तरी किडलेली कड लपवलेली नाही.

दुसरं चित्र ली दीचं, ११९७ सालचं, टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात. चित्रवहीची दोन छोटी पानं, एकावर पांढरं फूरोंग, एकावर तांबूस. दिवसभरात रंग बदलणाऱ्या एकाच फुलाच्या या दोन वेळा आहेत, असं बरेच जण वाचतात आणि मलाही ते पटतं. रेशमावरच्या या कामात पाकळीचा गुलाबी एका फटकाऱ्यात येत नाही. एका कुंचल्यात रंग, दुसऱ्यात नुसतं पाणी. रंगाची कड पाण्याने ओढून विरवायची, वाळू द्यायची, पुन्हा चढवायची. घाईच्या माणसाने यात पडू नये.

बाकीची फुलं पटकन सांगते. आपल्या भेंडीच्या जवळच्या नात्यातलं एक फिकट पिवळं फूल सुंग काळातल्या चित्रांत दिसतं. मधोमध गडद जांभळा डाग असतो आणि पानं हाताच्या बोटांसारखी फाटलेली. भेंडीचं फूल बघितलेला कुणीही ते ओळखेल. शरदातला बेगोनिया पानावरून ओळखा: पान मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना असमान आणि खालून तांबूस. कोंबडा नावाचं तुऱ्याचं फूल येतं. माठाच्या कुळातलं एक झाडही येतं, ज्याची शेंड्याची पानंच लाल होतात. हंस परतायच्या दिवसांत लाल होणारं म्हणून चिनी त्याला ओळखतात. तुम्हाला लाल पानं हवीच असतील तर मेपल सोडून हे घ्या. झेंडू मात्र नको. तो मूळचा अमेरिकेतला, जुन्या चिनी पटात त्याला जागा नाही.

सोबतीला किडा किंवा पक्षी ठेवायचा तर रातकिडा किंवा नाकतोडा शरद पटकन सांगून जातो. शेवंतीसोबत लावा पक्षी दिसला तर तो सुखाने घरात राहण्याची शुभेच्छा असतो, कारण दोघांच्या चिनी नावांचे उच्चार जोडले की तसा शब्द होतो. शेवंती आणि खेकडे हे शरदातल्या जेवणाचं चित्र, ची बाइशी (१८६४–१९५७) या चित्रकाराने ते मनापासून केलं. सगळं एकाच पटात कोंबू नका. पटाचा मोठा भाग रिकामा ठेवायची हिंमत करा. मी तुमच्या जागी असते तर फुलं वरच्या एका बाजूला, वाळकी पानं खाली, आणि मागची सगळी तांबडी झाडं पुसून टाकली असती.

एक गंमत तुमच्या उपयोगाची आहे. चिनी पंचांगात नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी सण असतो. उंचावर चढून जायचं, शेवंतीची दारू प्यायची. अधिक महिन्याचा फरक पडला नाही तर हा दिवस आपल्या खंडेनवमीच्या आसपास येतो. २०२३ मध्ये दोन्ही २३ ऑक्टोबरलाच होते. म्हणजे नवरात्रात फुलबाजार शेवंतीने भरलेला असतो, तेव्हा तुम्ही अगदी योग्य मोसमात बघून काढत असता. हाराची सुटी फुलं नको, मुळासकट कुंडी आणा.

आता अक्षरांचं. चिनी लिहिता येत नसेल तर बघून उतरवू नका. त्यांच्याकडे अक्षर आणि चित्र एकाच हाताची, एकाच कुंचल्याची कामं मानतात, आणि चितारलेलं अक्षर शेजारच्या जिवंत रेघेलाही खाली ओढतं. तुमचं नाव आणि महिना देवनागरीत, त्याच कुंचल्याने, बारीक लिहा. आपली लिपी आडवी, म्हणून उभ्या रांगेचा हट्ट सोडा. फुलांच्या विरुद्ध बाजूला, मोकळ्या जागेच्या कडेला, दोन छोट्या ओळी बसतात. खाली लाल शिक्का हवा असेल तर नावाचं पहिलं अक्षर मऊ दगडात कोरून घ्या, रबरी शिक्का बनवणारेही करून देतात. तो लाल ठिपका वाळक्या पानांच्या तिरप्या समोर आला की पट तोलला जातो, म्हणून जागा ठरवण्याआधी शिक्क्याएवढा लाल कागदाचा तुकडा पटावर इकडेतिकडे सरकवून बघा.